मनाची रोजची निगा : मनाशी कुस्ती न खेळता

रात्री अडीच-तीनला जाग येते. घर शांत असतं, काही घडलेलं नसतं, तरी डोक्यात चक्र सुरू झालेलं असतं. दुपारच्या मीटिंगमध्ये आपण बोलून गेलेलं एक वाक्य. थकलेला हप्ता. फोनवर आईच्या आवाजात जाणवलेला थकवा. आपण स्वतःला दटावतो, ‘पुरे झालं, आता विचार करायचा नाही.’ आणि नेमके तिथेच फसतो.

डॅनियल वेगनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी मिनिटाला एकदाहून जास्त वाजत राहिली. त्याच लोकांना नंतर ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर अस्वल आणखी उसळून आलं. ज्यांना पहिल्यापासून विचार करायची मुभा होती, त्यांच्यापेक्षाही जास्त.

मी कित्येक वर्षं मनाला असंच दटावत आले. उपयोग झाला तो वेगळ्याच वाटेने : मनाला समोरून भिडायचं नाही, बाजूने जायचं. झोप, शरीर, शब्द, हातातलं छोटं काम, जवळची माणसं यांच्यावर आपला थोडाफार ताबा असतो, आणि यांतून मनापर्यंत पोचता येतं. खालच्या पायऱ्या त्याच वाटेच्या आहेत. सगळ्या एकदम सुरू करू नका, हे अगदी कळकळीने सांगते. एक धरा, दोन-तीन आठवडे पाळा, मग पुढची. फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हा आकडा अडीचशेच्या वर जाईल असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

पायरी १ : पंधरा दिवस नुसतं बघा

एक वही घ्या. रोज एका ठरलेल्या वेळी चार गोष्टी लिहा : काल रात्री किती तास झोप झाली, अंगात उत्साह किती (० ते १०), मन कसं आहे (० ते १०), आणि दिवसभरात काय घडलं याची एकच ओळ. दोन मिनिटांचं काम आहे. या पंधरा दिवसांत स्वतःला सुधारायला जाऊ नका, आकडा कमी आला म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

पंधरा दिवसांनी पानं उलटून बघा. मला माझ्या वहीत असं दिसलं की, ज्या दिवशी मन चारच्या खाली गेलं होतं त्याच्या आदल्या रात्री जवळजवळ दर वेळी झोप साडेपाच तासांच्या आत होती. मी मात्र सगळा दोष कामाला देत होते. कुणाला दर रविवारी संध्याकाळी आकडा घसरलेला दिसेल, कुणाला एका ठराविक माणसाशी बोलणं झाल्यावर. मासिक पाळी असेल तर तिच्या तारखाही बाजूला लिहा, बऱ्याच जणींचा घोळ तिथे उलगडतो. ही वही टाकून देऊ नका, शेवटच्या पायरीला ती पुन्हा लागणार आहे.

पायरी २ : झोपेची घडी

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. उठायची वेळ ठरवा आणि ती सातही दिवस पाळा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. रात्र वाईट गेली तरी त्याच वेळी उठायचं, म्हणजे पुढच्या रात्री झोपेची भूक नीट लागते. उठल्यावर लवकरात लवकर बाहेरच्या उजेडात जा, शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं.

रात्री वीसेक मिनिटं झाली आणि झोप नाही असं वाटलं की अंथरुणातून उठा. घड्याळ बघत बसू नका, अंदाज पुरे. दुसऱ्या जागी मंद दिव्यात काहीतरी संथ, कंटाळवाणं करा आणि डोळे जड झाले की परत या. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत निद्रानाशाच्या उपचारात आजही वापरतात. कूस बदलत तासन्‌तास पडून राहिलं की मनाच्या लेखी अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, असं पक्कं होऊन बसतं. ते नातं तोडायचं आहे. पहिला आठवडा जड जातो, उलट जास्त थकवा जाणवतो. तेवढा सोसावा लागतो.

कॉफी किंवा कडक चहा दुपारनंतर नको. निरोगी माणसाच्या शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. दारूने झोप लवकर लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री ती मोडते. आणि झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा. २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात अशी यादी लिहिणाऱ्यांना, दिवसभरात झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. कागदावर उतरलेलं काम डोक्याने रात्रभर सांभाळायचं कारण उरत नाही.

पायरी ३ : चालणं आणि श्वास

यावर फार लिहीत नाही, कारण हे सगळ्यांना ठाऊक असतं, अडतं ते करण्यापाशी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. भरभर चालणं त्यात बसतं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. दीडशे मिनिटांचा आकडा अंगावर येत असेल तर दहा मिनिटांपासून सुरू करा.

श्वासाची एक युक्ती मात्र शिकून ठेवा. नाकाने श्वास घ्या, छाती भरली असं वाटलं की त्यावरच आणखी एक छोटा श्वास ओढा आणि मग तोंडाने सावकाश, लांबवर सोडा. रडून झाल्यावर लहान मूल हुंदक्यासारखा जो दुहेरी श्वास घेतं, तसाच. असं पाच मिनिटं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महिनाभर रोज पाच मिनिटं हे करणाऱ्यांच्या मनःस्थितीत चांगला फरक दिसला. मन शांत असताना रोज सराव करा. जीव घाबरा झाल्यावर पहिल्यांदा शिकायला गेलात तर जमणार नाही.

पायरी ४ : भावनेला तिचं खरं नाव द्या

‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘टेन्शन आलंय’ नाहीतर ‘मूड नाही’. या दोन शब्दांच्या पोत्यात आपण सगळं कोंबतो. आणि आपल्याच भाषेत मनाच्या एकेका अवस्थेला किती वेगवेगळे शब्द आहेत!

काळजीचंच घ्या. घरातलं माणूस अजून आलं नाही म्हणून वाटते ती हुरहूर. दोन्हीकडून ओढाताण होते ती घालमेल. काहीतरी भयंकर होणार असं सतत वाटत राहतं ती धास्ती. कारण सापडत नाही पण आत गलका माजलेला असतो ते काहूर. रागातही वैताग वेगळा, चीड वेगळी, संताप वेगळा, आणि ज्याच्यावर रागवायचा आपल्याला हक्क वाटतो त्याच्यावरचा रुसवा वेगळा. गेलेल्या गोष्टीची रुखरुख असते. आपण वाईट वागलो याची बोचणी असते. आयुष्यात एक गोष्ट राहून गेली याची खंत असते. आणि ज्याला काहीच नाव देता येत नाही, नुसतं दाटून आलेलं असतं, ते मळभ.

हा शब्दांचा खेळ नव्हे. प्रत्येक नावापाशी वेगळी कृती आहे. हुरहूर असेल तर एक फोन पुरतो. घालमेल असेल तर निर्णय घ्यावा लागतो, निदान कधी घ्यायचा ते ठरवावं लागतं. बोचणी असेल तर माफी मागायची असते. रुसवा असेल तर बोलायला हवं. खंत मात्र सोडवता येत नाही, तिच्याजवळ थोडा वेळ बसावं लागतं. ‘टेन्शन’वर यातलं काहीच करता येत नाही.

मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं की, रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो बघताना त्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची, हालचाल मंदावते.

करायचं असं : दिवसातून एकदा, शक्यतो वहीत आकडे लिहिताना, ‘मला … वाटतंय, कारण …’ हे वाक्य पूर्ण करा. पहिला शब्द लिहून झाला की विचारा, याहून नेमका शब्द आहे का? माझ्या वहीत एका दिवशी ‘राग’ खोडून ‘अपमान’ लिहिलेला आहे आणि तो खोडून ‘एकटं पडल्यासारखं’. तिसऱ्या शब्दाला डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच संध्याकाळी मी बहिणीला फोन केला. पहिल्या शब्दावर थांबले असते तर कुणालातरी तिखट मेसेज गेला असता.

पायरी ५ : काळजीला वेळ नेमून द्या, विचार कागदावर आणा

रोजची वीस ते तीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, झोपेच्या फार जवळ नको. दिवसभरात काळजी वर आली की तिला एका शब्दात टिपून ठेवायचं आणि मनाशी म्हणायचं, ‘साडेपाचला बघू.’ साडेपाचला खरोखर बसायचं. ही अट महत्त्वाची आहे, कारण तुम्ही शब्द पाळत नाही हे मनाला दोन दिवसांत कळतं. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत तपासली तेव्हा काळजीचा रोजचा वेळ घटलेला दिसला. वेगनरच्या अस्वलाशी ताडून बघा : इथे विचार दाबायचा नाही, फक्त पुढे ढकलायचा आहे.

त्या वेळात बसलं की प्रत्येक काळजीला एकच प्रश्न : यावर मला काही करता येईल का? येत असेल तर काय आणि कधी, ते लिहा. येत नसेल आणि तरी ती सुटत नसेल, तर पुढचा तक्ता मांडा. आरन बेक यांनी १९६० च्या दशकात उभ्या केलेल्या उपचारपद्धतीतून तो आला आहे. एक उदाहरण घेते.

काय घडलं : मॅनेजरला सकाळी मेसेज केला, त्यांनी वाचला, संध्याकाळपर्यंत उत्तर नाही.
मनात काय आलं : माझं काम त्यांना आवडलेलं नाही, मला आता काढणार.
किती खरं वाटतंय : ८५ टक्के.
याच्या बाजूने पुरावा : मागच्या आठवड्यात एक चूक दाखवली होती.
याच्या विरुद्ध पुरावा : कालच नवं काम सोपवलं. ते इतरांनाही उशिराच उत्तर देतात. आज त्यांच्या मीटिंगा होत्या.
मग काय म्हणता येईल : त्यांनी उत्तर का दिलं नाही हे मला माहीत नाही. उद्या अकराला विचारीन.
आता किती खरं वाटतंय : ४० टक्के.

८५ चे शून्य होत नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नका. ‘सगळं छान होईल’ अशी मलमपट्टी इथे करायची नाही, कारण तिच्यावर मनाचा विश्वास बसत नाही. ‘मला माहीत नाही’ हे खरं वाक्य जास्त आधार देतं.

आणि एक : तक्ता कागदावरच मांडा. डोक्यात मांडलात तर तोच विचार गोल गोल फिरत राहतो.

पायरी ६ : इच्छा होण्याची वाट बघू नका

मन खचलं की आपण म्हणतो, ‘जरा बरं वाटू दे, मग करीन.’ काम सुटतं, भेटीगाठी सुटतात, अंघोळसुद्धा लांबते. दिवसभरात बरं वाटावं असं काही घडतच नाही, म्हणून मन आणखी खाली जातं, आणि मग आणखी काही सुटतं. हे चाक उलटं फिरवायचं असेल तर हात घालायची जागा एकच आहे : कृती. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या दीडशे रुग्णांवरच्या अभ्यासात पाहिलं की, नुसत्या कृतीवर भर देणारा उपचार विचारांवरही काम करणाऱ्या पूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला.

माझ्या वाईट दिवसांत खोलीतल्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग साठला होता. धुतलेले, घडी न केलेले. रोज त्याच्याकडे बघून मला माझीच लाज वाटायची. एका सकाळी ठरवलं, ढिगाला हात लावायचा नाही, फक्त पाच कपडे. पाच कपड्यांच्या घड्या केल्या आणि परत जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. चौथ्या दिवशी खुर्चीचा हात दिसला. मन काही एकदम फुललं नाही, पण वहीतला आकडा दोनचा तीन झाला होता, आणि त्या दिवसांत एक अंक म्हणजे फार होतं.

रीत अशी. एक यादी करा : पूर्वी आनंद देणाऱ्या गोष्टी आणि झाल्यावर ‘झालं बुवा’ वाटेल अशा गोष्टी. दोन्ही हव्यात. नुसता आराम पुरत नाही आणि नुसतं कामही पुरत नाही. त्यातून रोज एक-एक निवडा आणि इतकी बारीक करा की नाही म्हणायला जागा उरणार नाही. ‘व्यायाम करीन’ असं न लिहिता ‘दात घासून झाले की बूट घालून दारापर्यंत जाईन’ असं लिहा. कशानंतर, कुठे, काय, हे ठरलेलं असलं की आयत्या वेळी मनाची परवानगी मागावी लागत नाही. करण्याआधी अंदाज लिहा, किती बरं वाटेल, आणि झाल्यावर प्रत्यक्षात किती वाटलं ते लिहा. खचलेलं मन आधी हटकून कमी आकडा सांगतं. तीन-चारदा हा फरक स्वतःच्या अक्षरात दिसला की त्याच्या ‘काही उपयोग नाही’वरचा विश्वास हळूहळू ढळतो.

पायरी ७ : माणसं

माणसं तोडायची नाहीत, एवढं एकच कलम मी स्वतःला घालून घेतलं होतं. बोलायला जमत नसेल तर ‘आज बोलवत नाही, पण आठवण आली’ असा मेसेज करा. तोही धागा असतो.

मदत मागताना काय हवं ते स्पष्ट सांगा. ‘मला सल्ला नको, दहा मिनिटं फक्त ऐक’ म्हटलं की समोरच्यालाही हायसं वाटतं, कारण काय करायचं ते त्यालाही कळत नसतं. आणि तुम्ही ऐकणारे असाल तर ‘एवढं काय त्यात’, ‘सकारात्मक राहा’, ‘तुझ्याहून वाईट परिस्थितीत लोक आहेत’ ही तीन वाक्यं जिभेवर आली तरी गिळा. ‘हे किती दिवसांपासून चाललंय?’ असं विचारा आणि थांबा. तिथली शांतता भरून काढायची घाई नको.

फोनबद्दल थोडक्यात : तो झोपायच्या खोलीबाहेर चार्ज करा. अर्धा तास स्क्रोल करण्याआधी आणि नंतर वहीत मनाचा आकडा लिहा. आठवडाभरात तुमचं तुम्हालाच कळेल, काय ठेवायचं आणि काय काढायचं.

पायरी ८ : वाईट दिवसाचं कार्ड

मन बरं असलेल्या दिवशी एका कार्डावर लिहून ठेवा : माझं बिनसायला लागलं की पहिली लक्षणं कोणती (मी फोन उचलत नाही, जेवण टाळते), हमखास थोडं बरं वाटतं अशा तीन गोष्टी कोणत्या, कुणाला फोन करायचा त्या दोघांची नावं आणि नंबर, तुमच्या भागातल्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. हे कार्ड पाकिटात राहू दे, आणि त्या दोघांनाही सांगून ठेवा की त्यांची नावं त्यात आहेत. बुडताना पोहायला शिकता येत नसतं.

पायरी ९ : डॉक्टरकडे कधी आणि कसं जायचं

वरचं सगळं करूनही मनाची उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलं, किंवा झोप, भूक, काम, नाती यांचा बोजवारा उडू लागला, तर थांबू नका. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. एकूण २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञांना भेटावं. ती फक्त चाळणी आहे, निदान डॉक्टरच करतात.

पहिली भेट नेहमीच्या डॉक्टरांची असली तरी चालते. थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता, रक्तक्षय यांनीही हेच थकलेपण येतं, म्हणून रक्त तपासतात. अचानक छातीत धडधड, घाम, आता मरतो की काय असं वाटणं हा पॅनिकचा झटका असू शकतो, तो बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचून ओसरू लागतो. पण पहिल्यांदा असं झालं तर हृदयाची तपासणी लगेच करून घ्या, स्वतःच ठरवू नका.

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. पुष्कळांना दोन्ही लागतात. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त, आणि त्रास असेल तर तो सुरुवातीलाच जाणवतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात निराश होऊन सोडू नका. बरं वाटलं म्हणूनही एकदम बंद करू नका. डोस डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू कमी करायचा असतो. एखाद्या समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसऱ्याकडे जा. माझा पहिल्यांदा जुळला नव्हता, आणि त्यावरून ‘मला हे लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढून मी एक वर्ष वाया घालवलं.

जगणं नको वाटतंय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, असे विचार आले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच क्षणी जवळच्या माणसाला बोलावून घ्या, एकटे राहू नका, इजा करता येईल अशा वस्तू आणि गोळ्या त्याच्या ताब्यात द्या, आणि हेल्पलाइनला फोन करा किंवा थेट इमर्जन्सीत जा. दुसऱ्याबद्दल शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. कुणीतरी विचारलं, याचाच बहुतेकांना दिलासा वाटतो.

डॉक्टरांसमोर बसल्यावर शब्द फुटत नाहीत, ‘तसं काही नाही, थोडी झोप येत नाही’ एवढंच तोंडातून निघतं. म्हणून पहिल्या पायरीची वही सोबत न्या. झोपेचे तास, मनाचे आकडे, खोडलेले शब्द, सगळं त्यात आहे. पंधरा दिवसांची पानं उघडून टेबलावर त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, ‘हे बघा, इथून सुरू झालं.’